भग्नतीर्थे : प्रस्तावना

पडझड झालेल्या, छप्पर गेलेल्या, नित्याची उपासना थांबलेल्या वास्तूकडे भाविक जेव्हा ठरलेल्या दिवशी आणि बहुधा समूहाने जातात, तेव्हा त्या स्थळाला प्रस्तुत ग्रंथात ‘भग्नतीर्थ’ असे म्हटले आहे. ही संज्ञा जुन्या शास्त्रग्रंथांतील नाही. ती केवळ सोयीसाठी घडवलेली आहे, कारण नुसते ‘पुरातन वास्तू’ म्हटले की तेथे येणारा उपासक नजरेआड होतो आणि नुसते ‘तीर्थक्षेत्र’ म्हटले की पडलेल्या भिंती नजरेआड होतात. ग्रंथाचा मुख्य विषय ख्रिस्ती भाविकांच्या अशा यात्रा हा असून त्यात वसईच्या किल्ल्यातील चर्चवास्तू, अंधेरीच्या सीप्झ आवारातील सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च, जुन्या गोव्यातील संत ऑगस्टिनचा मनोरा यांचा विचार केलेला आहे. तथापि हा ग्रंथ चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलमुलखातील वाचक डोळ्यांसमोर ठेवून सिद्ध झाला आहे, आणि कोकणातील व गोव्यातील प्रत्येक प्रश्न त्यात मार्कंड्याची मंदिरे, विजासनची लेणी आणि चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, परकोट यांच्या शेजारी ठेवून विचारलेला आहे. ही जोडी वरवर विजोड वाटेल. एका बाजूला ख्रिस्ती वस्ती दाट आणि तिचे अवशेषही तिचेच. दुसऱ्या बाजूला अवशेष उदंड, पण ख्रिस्ती समाज एक टक्क्याहूनही कमी आणि त्याची सर्वांत जुनी चर्च इमारतसुद्धा दीडशे वर्षांच्या आसपासची. नेमक्या याच विषमतेमुळे तुलना फलदायी ठरते, कारण भग्न वास्तूत मनाला स्वास्थ्य का लाभते, ते कोणाला लाभते आणि त्या वास्तूवर आपला वारसाहक्क असल्याखेरीज ते लाभू शकते काय, हे प्रश्न एकाच प्रदेशात राहून नीट विचारता येत नाहीत.

वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि पुढे सिरोंचापाशी ती गोदावरीला मिळते. या नद्यांच्या काठाने पसरलेला जुना चांदा जिल्हा, ज्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला, हा महाराष्ट्रातील सर्वाधिक जंगलाचा प्रदेश. जंगलामुळे येथे दोन गोष्टी घडल्या. वस्त्या उठल्या की झाडीने त्यांच्या वास्तू झाकून टाकल्या, म्हणून त्यांचे दगड इतर ठिकाणच्याइतक्या लवकर घरांच्या जोत्यांत गेले नाहीत. आणि वाटा दुर्गम राहिल्यामुळे या वास्तूंची नोंद घेणारे अभ्यासक उशिरा आले. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४ च्या दौऱ्यात भांदक (आजचे भद्रावती) आणि मार्कंडा येथील अवशेषांची सविस्तर नोंद केली, भांदकचा संबंध सातव्या शतकातील चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग याच्या वर्णनाशी जोडण्याचा प्रयत्न केला, आणि तेव्हापासून या भागाचा पुरातत्त्वीय अभ्यास सुरू झाला असे मानण्याचा प्रघात आहे. त्याआधी मेजर लूसी स्मिथ यांच्या १८६९ च्या जमाबंदी अहवालात चांद्याच्या गोंड राजांची वंशावळ येते, आणि बल्लारपूर, चांदा, वैरागड, माणिकगड येथील किल्ल्यांविषयी पुढे जे लिहिले गेले त्यातील बराचसा भाग त्याच वंशावळीवर उभा आहे.

ख्रिस्ती धर्मोपदेशक या प्रदेशात आले तेव्हा अवशेषांकडे त्यांचे लक्ष गेले नाही असे नाही. मात्र त्यांची दृष्टी यात्रेकरूची नव्हती. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले, त्यांनी शाळा काढली, गोंडांच्या भाषा आणि परंपरा टिपल्या, चांद्याकडील मांगली येथील जीवाश्म अभ्यासले, आणि १८६३ मध्ये टाकळघाटची महापाषाणीय दगडी वर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. धर्मोपदेशक, भूगर्भशास्त्रज्ञ आणि अवशेषांचा शोधक ही तिन्ही कामे एकाच माणसाने केली, तरी दगडी वर्तुळांपाशी त्याने केले ते उत्खनन. प्रार्थनेची जागा वेगळी होती. स्कॉटिश एपिस्कोपल चर्चने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांद्यात मिशन उघडले, दक्षिणेकडे सिरोंचाच्या बाजूस अमेरिकन मेथॉडिस्टांनी काम सुरू केले, आणि नागपूरचे बिशप आयर चॅटर्टन यांनी १९१६ मध्ये ‘द स्टोरी ऑफ गोंडवाना’ हा ग्रंथ लिहून गोंड राजांचा इतिहास इंग्रजी वाचकापुढे ठेवला. १९६२ मध्ये केरळातील सिरो-मलबार चर्चकडे, म्हणजे संत थॉमसची परंपरा सांगणाऱ्या पूर्वेकडील विधीच्या कॅथॉलिक चर्चकडे, चांदा हे स्वतंत्र धर्मक्षेत्र सोपवण्यात आले आणि १९७७ मध्ये त्याला एपार्कीचा, म्हणजे पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. केरळबाहेर या चर्चकडे आधुनिक काळात आलेले हे पहिले मिशनक्षेत्र, ही बाब चांद्याबाहेर फारशी कोणाला ठाऊक नसते. या सगळ्या इतिहासात शाळा आहेत, दवाखाने आहेत, वसतिगृहे आहेत. भग्न ख्रिस्ती वास्तू मात्र एकही नाही, कारण पडायला लागणारा काळच अजून गेलेला नाही.

ख्रिस्ती यात्रेचा उगम पाहिला तर तो एका रिकाम्या जागेपाशी आहे. जेरुसलेममध्ये ख्रिस्ताची कबर म्हणून जे स्थळ पूजले जाते तेथे देह नाही, आणि देह नाही हाच त्या श्रद्धेचा गाभा आहे. म्हणून ख्रिस्ती यात्रेकरूला अगदी आरंभापासून ‘येथे काही उरलेले नाही’ या स्थितीची सवय झालेली दिसते. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने त्या जागेवरील रोमन मंदिर पाडून चर्च उभारले, ३३५ मध्ये त्याचे समर्पण झाले, १००९ मध्ये ते उद्ध्वस्त केले गेले आणि पुन्हा बांधले गेले. त्याच चौथ्या शतकाच्या अखेरीस पश्चिम युरोपातून आलेल्या एगेरिया नावाच्या स्त्रीने आपल्या प्रवासाचे वर्णन लिहून ठेवले आहे. ती जेथे जाते तेथे आधी प्रार्थना होते, मग त्या जागेशी संबंधित बायबलमधील उतारा त्याच जागेवर वाचला जातो, स्तोत्र म्हटले जाते आणि पुन्हा प्रार्थना होते. जागेवर त्या जागेचा उतारा वाचण्याची ही रीत सोळाशे वर्षांनंतरही चालू आहे, आणि भग्नतीर्थाच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे, कारण वास्तू शिल्लक नसली तरी वाचन थांबत नाही. यात्रेविषयी शंका घेणारेही याच काळात होते. नीसाचे ग्रेगरी यांनी जेरुसलेमला गेल्याने मनुष्य अधिक पवित्र होतो हे मानण्यास नकार दिला आणि जेरोम यांनी स्वतः बेथलेहेमात राहूनही स्वर्गाचे दार ब्रिटनमधून तितकेच उघडे असल्याचे एका पत्रात बजावले. सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी हीच शंका टोकाला नेली, आणि चांद्याला आलेले बहुतेक आरंभीचे मिशनरी या प्रोटेस्टंट परंपरेत वाढलेले असल्यामुळे त्यांच्या शिकवणुकीत यात्रेला स्थान नव्हते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

मराठीत या परंपरेला स्वतःचे वळण मिळाले. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ने (१६१६) ख्रिस्तकथा ओवीत आणली; नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) वारकरी भक्तीची भाषा ख्रिस्ती प्रार्थनेत रुजवली आणि कीर्तन ख्रिस्ती मंडळीत नेले; वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ या ग्रंथात पवित्र भूमीचा प्रवास आणि तेथील राजकीय संघर्ष यांना एकमेकांपासून तोडले नाही. दिब्रिटो यांचे हे करणे विशेष मोलाचे आहे, कारण यात्रावर्णन म्हटले की मनःशांतीचे गोड वर्णन करून मोकळे होण्याचा मोह मोठा असतो, आणि भोवताली तारेचे कुंपण व बंदूकधारी पहारा असताना मिळणारी शांती कोणत्या जातीची, हा प्रश्न त्यांनी वाचकापुढे उघडा ठेवला.

भारतातील ख्रिस्ती भग्नतीर्थांपैकी वसई हे सर्वांत समृद्ध उदाहरण आहे, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे आली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत किल्ल्याच्या तटाआत जेझुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा विविध संन्यासी संघांनी आपापली चर्चेस आणि मठ बांधले. १७३९ नंतर या वास्तूंतील घंटा महाराष्ट्रातील देवळांत गेल्या; नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील १७२१ साल कोरलेली घंटा त्यांपैकी सर्वाधिक ओळखीची. छपरे गेली, लाकूड गेले, आणि वेदीच्या भिंती उघड्यावर राहिल्या. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये आजही जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या फरशा आहेत, त्यांवर पोर्तुगीज अक्षरे आणि घराण्यांची मानचिन्हे आहेत, आणि पावसाळ्यात त्यांच्या सांध्यांतून गवत वर येते. इमारत सोडली गेली तरी समाज मात्र गेला नाही. किल्ल्याबाहेरील गावांत सामवेदी, म्हणजे कुपारी, आणि इतर ख्रिस्ती समाज राहिले, त्यांची नवी चर्चेस उभी राहिली, आणि १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांतही झाला.

याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया जेझुइटांकडे शिकले, पूर्वेकडे गेले, पुढे फ्रान्सिस्कन संघात बंधू झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मारले गेले. १८६२ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले आणि भारतात जन्मलेले ते पहिले कॅथॉलिक संत ठरले. त्यांच्या सणाची मिस्सा, म्हणजे ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाचे स्मरण करणारा मुख्य उपासनाविधी, किल्ल्यातील जेझुइट चर्चच्या छपराविना उभ्या भिंतींत होते. त्या दिवशी तेथे जे घडते ते एकांतप्रिय प्रवाशाच्या कल्पनेशी मुळीच जुळणारे नाही : कापडी मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, ध्वनिक्षेपक, लाल लुगडी नेसलेल्या म्हाताऱ्या, कडेवर मुले, आणि जुन्या वेदीच्या जागी मांडलेले टेबल. विधी मराठीत चालतो, कारण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लॅटिनऐवजी लोकभाषांना मुभा दिली. म्हणजे ज्या भिंती लॅटिन विधीसाठी उभारल्या गेल्या त्यांत मराठी प्रार्थना घुमली ती वास्तू पडल्यानंतर. एरवी या किल्ल्यात चित्रीकरणे होतात, लग्नाआधीची छायाचित्रे काढली जातात, आणि २०१६ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या गाण्यात या भिंती जगभर दिसल्या. त्या चित्रफितीत किल्ला सुंदर दिसतो, आणि कोणाचाही दिसत नाही.

सीप्झमधील चर्चची गोष्ट अधिक विलक्षण आहे. जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधलेले हे चर्च १८४० मध्ये साथीच्या रोगामुळे सोडले गेले, वस्ती मरोळला गेली आणि पुढे सभोवती निर्यात उद्योगांचे बंदिस्त आवार उभे राहिले. त्यामुळे ईस्ट इंडियन समाजाला, म्हणजे मुंबई-साष्टीच्या मूळ मराठीभाषी ख्रिस्ती समाजाला, आपल्या पूर्वजांच्या चर्चमध्ये जायचे तर सुरक्षा फाटक ओलांडावे लागते. वर्षातून एकदा, मे महिन्यात, तेथे मिस्सा होते. जुन्या गोव्यात संत ऑगस्टिनचे चर्च १८३५ मध्ये धार्मिक संघांच्या हकालपट्टीनंतर ओस पडले, १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले, आणि अलीकडच्या उत्खननात तेथे सापडलेल्या अस्थी १६२४ मध्ये इराणात मारल्या गेलेल्या जॉर्जियाच्या राणी केतेवान यांच्या असल्याचे हैदराबादच्या प्रयोगशाळेतील तपासणीतून पुढे आले. २०२१ मध्ये त्यांचा काही भाग भारताने जॉर्जियाला दिला. कॅथॉलिक चर्चच्या पडक्या भिंतीत सापडलेल्या अस्थींसमोर आज दूरच्या ऑर्थोडॉक्स देशातील लोक नतमस्तक होतात.

मंडपेश्वरचे उदाहरण मात्र अस्वस्थ करणारे आहे, आणि ते वगळून शांतीची चर्चा करणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. बोरिवलीजवळच्या या शैव लेण्याचे सोळाव्या शतकाच्या मध्यात फ्रान्सिस्कनांनी चॅपल केले, शिल्पे झाकली, एका शिल्पाचा दगड तासून त्यावर क्रूस कोरला आणि वर महाविद्यालय बांधले. १७३९ नंतर मराठ्यांच्या अंमलात लेणे पुन्हा शिवाचे झाले आणि वरची इमारत पडकी झाली. आज वर ख्रिस्ती अवशेष, खाली शिवलिंग, शेजारी नांदते चर्च आणि सगळ्यांवर पुरातत्त्व खात्याचा निळा फलक, अशी स्थिती आहे. केरळात निलक्कल येथे १९८३ मध्ये दगडी क्रूस सापडल्यावरून उसळलेला वाद दुसऱ्या जागी सर्व चर्चसमूहांचे मिळून एक चर्च बांधून मिटवावा लागला. अवशेष जितका जुना तितके त्याच्यावरील दावे अधिक, आणि यात्रेकरू कितीही निरागसपणे आला तरी तो त्या दाव्यांपैकी एकाच्या बाजूने उभा असतो.

या विषयाच्या अभ्यासाचे ढोबळमानाने तीन प्रवाह आहेत. पहिला सौंदर्यवादी : फ्रेंच लेखक शातोब्रियाँ यांनी १८०२ मध्ये ख्रिस्ती धर्माच्या समर्थनार्थ लिहिताना अवशेषांना स्वतंत्र स्थान दिले, आणि व्हिएन्नाचे कलेतिहासकार आलॉइस रीगल यांनी १९०३ मध्ये ‘वयमूल्य’ ही कल्पना मांडून, वास्तूवरील काळाच्या खुणाच आधुनिक माणसाला भावतात व म्हणून दुरुस्तीला त्याचा विरोध असतो, असे दाखवले. दुसरा प्रवाह मानववंशशास्त्रीय आहे. व्हिक्टर आणि ईडिथ टर्नर यांनी १९७८ च्या त्यांच्या ग्रंथात ख्रिस्ती यात्रेत सामाजिक उतरंड तात्पुरती विरघळते आणि एक मोकळा सहभाव निर्माण होतो असे प्रतिपादले, तर जॉन ईड आणि मायकेल सॅलनो यांनी १९९१ मध्ये याच्या नेमके उलट, तीर्थ म्हणजे परस्परविरोधी अर्थांची झटापट, असे म्हटले. मराठी वाचकाला या वादाची ओळख आधीच असते, कारण पंढरीच्या वाटेवर चालताना भक्तीही एक आणि दिंड्या मात्र जातीजातींच्या वेगळ्या, हे इरावती कर्वे यांनी टर्नरांच्या पुष्कळ आधी लिहून ठेवले होते, आणि टर्नरांनीही त्यांचा आधार घेतला आहे. तिसरा प्रवाह मराठी प्रदेशातील दैवतविज्ञानाचा : दा. ध. कोसंबी यांनी यात्रेच्या वाटा आणि प्राचीन स्थळे यांचा संबंध दाखवला, रा. चिं. ढेरे यांनी एकाच स्थळावर थर चढत गेलेल्या दैवतांचा माग काढला, आणि वा. वि. मिराशी यांच्या कोरीव लेखांच्या अभ्यासाने विदर्भाच्या प्राचीन इतिहासाला कालक्रम दिला. या तिसऱ्या प्रवाहाने ख्रिस्ती स्थळांकडे जवळजवळ पाहिलेच नाही, आणि ख्रिस्ती लेखकांनी या प्रवाहाची साधने क्वचितच हाती घेतली. प्रस्तुत ग्रंथाला जे काही नवे म्हणायचे आहे ते या दुराव्यातून आलेले आहे.

चांद्याकडे वळले म्हणजे सौंदर्यवाद्यांची भूमिका लवकर अपुरी पडते. गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात, दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा जेथे उत्तरेला वळते तेथे, मार्कंड्याचा मंदिरसमूह आहे. सर्वसाधारणपणे नवव्या ते बाराव्या शतकांदरम्यानच्या या देवळांपैकी अनेक पडली आहेत. मुख्य मंदिरावर वीज कोसळून मंडपाचे छत ढासळल्याचे सांगितले जाते, आणि नंतर गोंड राजांच्या काळात आत ओबडधोबड खांब व कमानी घालून ते सावरण्यात आले. कोरीव नर्तकींच्या शेजारी हे अनघड दगडी टेकू उभे आहेत. शिल्पकलेच्या अभ्यासकांना ते खटकतात, पण त्या टेकूंमुळेच गाभाऱ्यात जाण्याची वाट राहिली. जीर्णोद्धाराच्या शास्त्रात, म्हणजे मोडकळीस आलेले देवालय विधिपूर्वक नवे करण्याच्या नियमांत, खंडित मूर्ती पूजेस वर्ज्य मानली जाते. महाशिवरात्रीला वैनगंगेत स्नान करून ओल्या कपड्यांनी रांगेत उभा राहणारा माणूस त्या नियमाची फारशी चौकशी करत नाही. अलीकडच्या वर्षांत पुरातत्त्व खात्याने मुख्य मंदिराचा काही भाग उतरवून दुरुस्तीस घेतला आणि काम रेंगाळले, तेव्हा जी नाराजी उमटली ती सौंदर्य बिघडल्याची नव्हती. आपल्या देवापर्यंतची वाट अडल्याची होती.

भद्रावतीच्या विजासन लेण्यांत याहून वेगळी घटना घडली. टेकडीत सरळ आत गेलेला लांब, अंधारा मार्ग, त्याच्या शेवटी बसलेल्या बुद्धाची मूर्ती, आणि बाजूंना तशाच आणखी दोन वाटा, असे हे लेणे शतकानुशतके बौद्ध उपासकांवाचून होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आणि लगेच १६ ऑक्टोबरला चांद्याला धम्मदीक्षा दिली, आणि बेवारस लेण्याला एकाएकी हजारो वारस मिळाले. हा वारसा रक्ताचा किंवा अखंड परंपरेचा नाही. तो निवडीचा आहे, आणि म्हणून कमी खरा ठरत नाही. चंद्रपूरच्या ख्रिस्ती वाचकासाठी ही घटना विचार करण्याजोगी आहे, कारण त्याचाही वारसा निवडीचाच आहे, आणि जेरुसलेम किंवा वसई त्याला ज्या न्यायाने आपली वाटते तो न्याय विजासनच्या न्यायाहून फार निराळा नाही. याच जिल्ह्यांत या चौकटीत न बसणारी स्थळेही आहेत. सूरजागडच्या पहाडावर ठाकूरदेवाची यात्रा भरते. माडिया गोंडांच्या दृष्टीने पहाडच पवित्र, आणि जेथे वास्तू उभारलीच नाही तेथे भग्न व्हायचे काय? त्या पहाडावर लोहखनिजाची खाण आली तेव्हा या प्रश्नाला उत्तर मिळाले, आणि ते कोणालाही सुखावणारे नव्हते.

या सर्व उदाहरणांतून ग्रंथ ज्या मताकडे झुकतो ते येथेच सांगून टाकणे योग्य. पडक्या वास्तूत मनाला जी शांती लाभते ती तेथील निर्जनतेची देणगी आहे, हा समज बहुतांशी प्रवाशांनी पसरवलेला आहे. वसईत, सीप्झमध्ये, मार्कंड्याला वा विजासनला येणारे भाविक गर्दीतच येतात, आणि ती शांती मिळाल्याचे सांगतात ते गर्दीच्या दिवशीच. तिचा संबंध त्या जागेशी असलेल्या एखाद्या कर्तव्याशी दिसतो : वाचन करायचे, दिवा लावायचा, गवत काढायचे, आजोबांचे नाव प्रार्थनेत घ्यायचे. ज्याला तेथे काही करायचे असते त्याला पडझड खचवत नाही. ज्याला नुसते पाहायचे असते त्याला ती हुरहूर लावते, आणि ही हुरहूर गोड असली तरी तिला आध्यात्मिक शांती म्हणणे घाईचे ठरेल. स्कॉटलंडमधील आयोना बेटावर १९३८ मध्ये जॉर्ज मॅक्लाउड या धर्मगुरूंनी पडक्या मठाच्या पुनर्बांधणीसाठी बेकार कारागीर आणि धर्मशिक्षण घेतलेले तरुण यांना एकत्र आणले आणि त्यातून आयोना समुदाय उभा राहिला. प्रार्थना आणि दगडकाम यांत तेथे अंतर ठेवले गेले नाही. चंद्रपुरात इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी गोंडकालीन परकोटावरील झुडपे आणि कचरा महिनोन्‌महिने हातांनी काढला, आणि २०१७ मध्ये त्याची दखल देशभर घेतली गेली. त्या श्रमाला कोणी उपासना म्हटले नाही, म्हणण्याची गरजही नाही. पण भिंतीशी नाते जुळण्याची रीत दोन्हीकडे एकच दिसते, आणि धर्म वेगळा असला तरी ती कोणालाही बंद नाही. मंडपेश्वराने दाखवलेल्या धोक्यावर यापेक्षा बरा उतारा या ग्रंथाला सापडलेला नाही : दुसऱ्याच्या अवशेषात हक्काने शिरण्याऐवजी कामाने शिरणे.

अर्थात या मताला कायद्याची एक अडचण आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या अधिनियमानुसार संरक्षित स्मारकात मूळ स्वरूपाशी विसंगत वापर चालत नाही, आणि व्यवहारात जेथे संरक्षणाच्या वेळी उपासना चालू होती तेथे ती चालू राहते, पण जेथे थांबली होती तेथे नव्याने सुरू करता येत नाही. मार्कंडा पहिल्या प्रकारात येते. वसई बरीचशी दुसऱ्यात, आणि म्हणून तेथील मिस्सा हा परवानगीचा विषय राहतो. धार्मिक पर्यटनाच्या सरकारी योजना आल्या, रस्ते रुंद झाले, प्रकाशझोत बसले, तेव्हा या दोन प्रकारांतील रेषा आणखी धूसर झाली, कारण पर्यटकासाठी सजवलेले स्थळ भाविकाला मोकळे मिळेलच असे नाही. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जेथे खाणी आणि महामार्ग झपाट्याने पुढे सरकत आहेत आणि अनेक देवळांची साधी मोजणीसुद्धा व्हायची आहे, हा विषय केवळ अभ्यासकांच्या आवडीचा राहिलेला नाही.

ग्रंथाच्या मर्यादा स्पष्ट आहेत. वेलंकणी, वांद्र्याची मोतमाऊली यांसारखी नांदती तीर्थे येथे मुद्दाम वगळली आहेत. रेवदंडा-चौलचे अवशेष त्यांच्या वाट्याला यायला हवे होते त्यापेक्षा कमी पानांत उरकले आहेत. मंदिरांच्या कालनिश्चितीत जेथे विद्वानांत मतभेद आहेत तेथे शतकापुरतेच बोलले आहे आणि ठरावीक साल देण्याचे टाळले आहे. ख्रिस्ती नावांची रूपे त्या त्या समाजात चालतात तशी ठेवली आहेत, त्यामुळे एकच संत वसईच्या लेखात एका नावाने आणि चांद्याच्या लेखात दुसऱ्या नावाने भेटेल. सूचीत दोन्ही एकत्र दिली आहेत. सर्वांत मोठी उणीव भाषेची आहे. सिरोंचाकडील ख्रिस्ती कुटुंबे तेलुगू बोलतात, भामरागड-एटापल्लीकडील माडिया, आणि त्यांच्या आठवणी मराठीत विचारल्या की उत्तरे आखूड येतात, असा अनुभव या संकलनात वारंवार आला. ते काम त्या भाषा घरात बोलणाऱ्यांनीच हाती घ्यावे, आणि ते होईल तेव्हा या ग्रंथातील सिरोंचाविषयीची पाने बदलावी लागतील.